शवपेटीतली माती

थॉमसिन हर्ड दारात येऊन उभी राहिली तेव्हा ट्रिस्ट्रम स्टकी चीज कापत होता आणि त्याचा सोबती जॉब गॅपर ते खात होता.

"बसा मावशी," गॅपर म्हणाला.

"बसायला आले नाही. माझ्या पोराला कोणी विकलं ते शोधून द्या."

स्टकी पूर्वी व्यापाऱ्यांसाठी कापड तपासायचा. तागा उजेडात धरून तुटका धागा हुडकायचा. एका बड्या व्यापाऱ्याची लबाडी त्याने भर बाजारात दाखवली आणि नोकरी घालवून बसला. आता लोक त्याच्याकडे चोरीचं सूत, हरवलेली मेंढरं आणि असले प्रश्न घेऊन यायचे. गॅपर खेचरावरून कापड वाहायचा. त्याची अक्कलही खेचराच्या चालीने चालायची, पण मुक्कामाला पोचायची.

"कोण पोरगा?" स्टकीने विचारलं.

"थोरला. इलायस. ड्यूकबरोबर गेला होता."

यापुढे सांगायची गरज नव्हती. त्या उन्हाळ्यात सॉमरसेटच्या निम्म्या घरांची हीच कथा होती. लंडनात काका राजा होता. पुतण्या ड्यूक समुद्रकिनाऱ्यावर उतरला आणि म्हणाला, खरा राजा मी. भांडण काका-पुतण्याचं, सिंहासन त्यांच्या घरातलं, आणि कोयते-काठ्या घेऊन मरायला गेले विणकर. पुतण्याचं मुंडकं उडालं. एका घावात नाही, पण उडालं. आता त्याच्या मागे गेलेल्यांचा हिशोब व्हायचा होता. न्यायाधीश तीन आठवड्यांत टॉन्टनला येणार होते.

"लढाईच्या दुसऱ्या दिवशी इलायस घरी आला," म्हातारी सांगू लागली. "मांडीत गोळी. सुनेने, चॅरिटीने, गावात सांगितलं की महिनाभर तापाने पडून होता, आज गेला. धाकट्या नेथनने पेटी ठोकली. आत माती भरली आणि दहा जुलैला पुरली. इलायस मागाच्या वर, माळ्यावर. तीन ऑगस्टला कबर उकरली, माती सापडली, मग शिपायांनी घर उलटं केलं आणि त्याला धरून नेलं."

"पेटीत माती आहे हे कोणाला माहीत होतं?"

"आम्हा तिघांना. माती ल्यूक स्वीटिंगच्या गिरणीतली. तो कापडाचा तेलकटपणा काढायला वापरतो ती, दोन पोती. ल्यूक गुत्त्यात बरळला की लवकरच पन्नास शिलिंग मिळणार आहेत. नेथन म्हणतो, हेच रक्ताचे पैसे. त्याने कापड कातरायच्या कात्रीला धार लावलीय. रविवारची प्रार्थना होईपर्यंत थांब म्हटलं मी." ती थोडी थांबली. "एक पोर फासावर जाणारच. दुसरं खून करून जायला नको. ल्यूक नसेल तर तसं सिद्ध करा."

"आणि असेल तर?"



गॅपरने सफरचंदाच्या सायडरचा पेला तिच्यापुढे सरकवला. "तुरुंगात भेटलात का त्याला?"

"आईला आणि बायकोला आत सोडत नाहीत. पहारेकरी बरा होता. म्हणाला, त्याची मावशी असशील तर जा आत. मी म्हटलं, आई आहे."

"अहो, नुसतं हो म्हणायचं की."

"नसताना कसं म्हणू? आठ मैल चालत परत आले."

स्टकीने सुरी खाली ठेवली. "पण मुलगा मेला असं गावाला सांगितलंत ना?"

"चॅरिटीने सांगितलं. मला कोणी विचारलं की मी रडायचे." ती त्याच्याकडे सरळ बघत होती. "रडणं खोटं नव्हतं."

* * *

कबरी खणणारा म्हातारा पर्चेस चर्चच्या भिंतीला टेकून पाइप ओढत होता.

"शिपाई किती आले होते?" स्टकीने विचारलं.

"कबरीवर? एकही नाही. शिपाई आले दुपारी. सकाळी आला तो चर्चचा कारभारी. बरोबर दोन फावडेवाले."

"हत्यार?"

"त्याच्या हातात कात्री होती. बायका शिवणकामाला घेतात तसली."

"बंडखोर धरायला कात्री?" गॅपर हसला.

"मला काय ठाऊक? मी कबर खणतो, कपडे बेतत नाही. पेटी उघडली आणि आत माती. कारभारी जो मटकन खाली बसला तो उठेचना. 'हे काय झालं, हे काय झालं' एवढंच म्हणत होता. पण फावडेवाले दोघे होते, गप्प कोण बसणार? एक धावला शिपायांकडे."

"कारभारी कुठे आहे?"

"बहिणीकडे गेलाय, डेव्हनला. तोंड दाखवत नाही कोणाला. चांगला माणूस हो. गेल्या हिवाळ्यात हर्डच्या घरी जळण त्यानेच पाठवलं."

स्टकीने मृतांची वही मागितली. प्रत्येक ओळीत नाव, तारीख आणि शेवटी एकच शेरा: 'शपथ झाली'. त्याचं बोट खाली सरकत गेलं आणि दहा जुलैवर थांबलं. इलायस हर्ड. पुढे कोरं.

"शाई संपली असेल," गॅपर म्हणाला.

"पुढच्या ओळीत आहे की शाई," स्टकी म्हणाला.

* * *

चॅरिटी हर्ड मागावर बसली होती. नवरा तुरुंगात असला तरी जाड लोकरीची सर्ज विणून द्यायचीच होती. माग जाईपर्यंत तरी. राजद्रोह्याचं सामान राजाचं असतं.

"पेटी बंद कोणी केली?"

"नेथनने. तापाचं निमित्त होतं, कोणी जवळ आलं नाही. मी मात्र काळजी घेतली हं. मेलेल्याला लोकरीतच पुरायचं हा कायदा. म्हणून आमच्याच सर्जचा एक कोपरा झाकणाखालून बाहेर ठेवला. सगळ्यांना दिसावं म्हणून."

"आणि कायद्याचं बाकीचं?"

"ते सासूबाईंनी केलं. आठव्या दिवशी मॅजिस्ट्रेटच्या घरी चार मैल चालत गेल्या. मी म्हटलं मी जाते, तर म्हणाल्या, तू पोटुशी आहेस, मी जाते. संध्याकाळी आल्या, जेवल्या नाहीत, बोलल्या नाहीत. थकल्या असतील." तिचा धोटा थांबला. "तुम्ही ल्यूकनेच केलं म्हणा, म्हणजे झालं. मग त्याचे कोणी का हाल करेना."

"तू दगड आहेस का ग?" गॅपर पुटपुटला.

"होते आहे हळूहळू," ती म्हणाली आणि धोटा फेकला.

ल्यूक स्वीटिंग गिरणीच्या पाण्यात गुडघाभर उभा होता. नेथनचं नाव काढताच त्याने पुलाकडे पाहिलं.

"मी माती विकली. कापड धुवायला नेतात असं वाटलं. इलायस जिवंत आहे हे मी कोणालाही सांगितलं नाही. बायबल आणा, हात ठेवतो."

"त्याची गरज नाही. खरं बोलतोयस," स्टकी म्हणाला. "पन्नास शिलिंग कसले?"

ल्यूक ओठ चाटू लागला.

"शिपायांच्या छावणीत विचारून आलोय मी. इलायसला धरून दिल्याचं बक्षीस मागायला कोणीही आलेलं नाही. मग पन्नास कोण देणार तुला?"

"ते... दुसरं आहे."

"अठरा जुलैला तू मॅजिस्ट्रेटच्या घरी होतास का रे?"

"कापडाचे तागे पोचवायला. का?"

"काही नाही. रविवारी हर्डच्या घरी ये. आला नाहीस तर नेथन इथे येईल."

परतताना गॅपर म्हणाला, "खोटारडा आहे. पण तू म्हणतोस खरं बोलतो."

"त्याचा प्रत्येक शब्द खरा आहे, गॅपर. तोच तर घोळ आहे."

* * *

रविवारी प्रार्थनेनंतर हर्डच्या मागाच्या खोलीत सहा माणसं होती. नेथन दाराला पाठ लावून उभा. हाताएवढी लांब कात्री त्याने मांडीला टेकवली होती. ल्यूक खिडकीजवळ, पण खिडकी अरुंद होती.

"इलायसला कोणी विकलं नाही," स्टकी म्हणाला.

"हे सांगायला आलास?" नेथनने विचारलं.

"ऐक. जिवंत बंडखोर शोधायचा तर आधी शिपाई आले असते, आणि तेही घरात. इथे आला चर्चचा कारभारी, बिनहत्यारी, कात्री घेऊन. मुडद्याजवळ कात्रीचं काम एकच. कफनाचा तुकडा कापणे. तो कापड बघायला आला होता. लोकर आहे की नाही ते."

चॅरिटीने मान वर केली.

"लोकरीत पुरलं अशी शपथ आठ दिवसांत घ्यावी लागते. नाहीतर पाच पौंड दंड. अर्धा गावातल्या गरिबांना, अर्धा चुगली करणाऱ्याला. वीस शिलिंगांचा पौंड, तेव्हा पाचाचे अर्धे म्हणजे पन्नास शिलिंग. वहीत सगळ्यांपुढे शपथेचा शेरा आहे, इलायसपुढे नाही. ल्यूकने मॅजिस्ट्रेटच्या दारात काहीतरी पाहिलं आणि कारभाऱ्याला जाऊन सांगितलं. बरोबर?"

ल्यूक भिंतीशी बोलल्यासारखा म्हणाला, "मला वाटलं, मेलाच आहे. मेलेल्याचं काय बिघडणार?"

"कारभाऱ्याला दया आली. त्याला वाटलं, पाच पौंडांत यांचा माग जाईल. विणकराच्या घरात लोकरीशिवाय दुसरं असणार काय? तुकडा दाखवला की दंड माफ करून घेऊ. घरच्यांना त्रास नको म्हणून न सांगता उकरायला गेला. भलं करायला गेला तो."

"पण शपथ तर झाली," चॅरिटी म्हणाली. "सासूबाई गेल्या होत्या."

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. थॉमसिन बाकावर बसली होती, हात मांडीवर.

"गेले होते," ती म्हणाली. "दारापर्यंत. आत पुस्तक ठेवलेलं दिसत होतं. त्यावर हात ठेवून म्हणायचं, माझ्या मुलाचं प्रेत मी लोकरीत गुंडाळलं. मी बराच वेळ उभी राहिले. मग परत आले. वाटलं, एवढ्याशा कागदाला कोण विचारतं." तिने स्टकीकडे पाहिलं. "म्हणजे मी."

स्टकीने तुटका धागा शोधला होता. तो आता हातात धरून काय करायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"तू नाही, आई," नेथन म्हणाला. "तू देवाला भ्यालीस. याने पन्नास शिलिंगांसाठी तोंड उघडलं. जिवंत समजून असो की मेलेला समजून. माझा भाऊ त्यामुळेच जाणार ना?" त्याने कात्री उचलली.

"नेथन, तूही लटकशील," स्टकी म्हणाला.

"लटकेन."

गॅपर मध्ये सरकला. नेथनने त्याला एका हाताने बाजूला केलं, जसा तागा सारतात.

तेव्हा थॉमसिन उठली. फळीवरचं बायबल तिने खाली घेतलं आणि त्यावर पंजा ठेवला. 

"ल्यूकला मी पाठवलं."

नेथन थांबला.

"शपथ घ्यायला जमलं नाही. दंड आज ना उद्या बसणारच होता. घरच्याच कोणी चुगली केली की अर्धे परत येतात, मोठ्या घरची माणसं करतातच. म्हणून मी त्याला म्हटलं, तू सांग, पन्नास शिलिंग आणून मला दे. कबर उकरतील हे माझ्या ध्यानात आलं नाही. देवासमक्ष सांगते."

"मला तर कोणी..." ल्यूकने तोंड उघडलं. स्टकीने त्याच्या पायावर टाच दाबली.

नेथन आईकडे बघत राहिला. तीस वर्षांत या बाईच्या तोंडून खोटा शब्द कोणी ऐकला नव्हता. कात्री फरशीवर पडली. तो दार उघडून निघून गेला. आईशी तो पुन्हा कधी बोलला नाही.

रस्त्यात गॅपरने खेचराचा पट्टा आवळला. मग म्हणाला, "म्हातारी असं करेल वाटलं नव्हतं. पैशासाठी."

"हं."

खेचर पाच-पन्नास पावलं चाललं. गॅपर थांबला.

"ट्रिस्ट्रम. तिने त्याला पाठवलंच नव्हतं."

"नव्हतं."

"बायबलवर हात ठेवून..."

"चल," स्टकी म्हणाला.

न्यायाधीश आले. इलायसचा निकाल लागायला एक पेला सायडर संपेल इतकाही वेळ लागला नाही. माग राजाने नेला. ज्या राजाला सर्ज आणि गोणपाट यांतला फरक माहीत नव्हता, त्याला माग कशाला हवा होता कोण जाणे.

फाशीच्या आदल्या दिवशी थॉमसिन आठ मैल चालत तुरुंगावर गेली. तोच पहारेकरी होता.

"कोण तू त्याची?"

"मावशी," ती म्हणाली.

त्याने दार उघडलं.