दस्त्यावरचे लाल खडे

कारागिराची लेक आली तेव्हा ताई खिडकीशी बसून चष्म्याची सैल झालेली काडी पिळत होती, आणि तिचा धाकटा भाऊ गोटू दुसऱ्यांदा नाश्ता करत होता. पहिला त्याच्या हिशेबी धरायचा नसतो.

लेकीने बसायलाही नकार दिला. "संध्याकाळपर्यंत माझे काका घर सोडून जातील," ती म्हणाली. "बाबांनी त्यांना चोर ठरवलंय. त्याआधी तुम्ही खरा चोर शोधून द्या."

ताईने चष्मा नाकावर चढवला. या शहरात कुणाचं काही हरवलं की लोक आधी पोलिसांकडे जात. पण हरवलेली वस्तू आणि घेणारा एकाच घरातले असतील असा संशय आला की ताईकडे येत. तिने लेकीला पाणी दिलं आणि नीट पहिल्यापासून सांगायला लावलं.

लेकीचे वडील ठासणीच्या बंदुका सजवत. या जुन्या धाटणीच्या बंदुका. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालायची आणि लोखंडी गजाने खाली ठासायची. हौशी लोक अजून त्या बनवून घेतात. काका लाकडाचा दस्ता घडवत, वडील त्यात खडे जडवत. दोघा भावांनी मिसरूड फुटल्यापासून एकाच खोलीत काम केलं होतं. नवी बंदूक उद्या व्यापाऱ्याच्या हाती द्यायची होती. तिच्या दस्त्यावर डावीकडे, नेम धरताना जिथे गाल टेकतो तिथे, पाच लाल खड्यांची रांग होती. आज पहाटे वडील उठून खोलीत गेले तर त्यातले तीन नाहीसे झालेले, आणि काका तिथे उभे.

"खडे बसवायची लाख वितळवायचा दिवा अजून गरम होता," लेक म्हणाली. "काकांनी स्वतःहून खिसे उलटे केले, पेटी उघडून दाखवली. काही सापडलं नाही."

"ते काय म्हणतात?"

"एवढंच, की मी चोरी केलेली नाही, आणि खडे खोलीबाहेर गेलेले नाहीत. पुढे विचारलं की मिठाची गुळणी."

गोटूने तोंड पुसलं. त्याच्या मते प्रकरण तिथेच संपलं होतं. पहाटे हजर, दिवा गरम, तोंड बंद. आणखी काय पुरावा हवा? हे त्याने जिन्यात ताईला सांगितलंही. ताईने त्याला शर्टाचं वरचं बटण लावायला सांगितलं.

कामाची खोली रस्त्याच्या बाजूला होती. उत्तरेकडे मोठी खिडकी, खाली दोन बैठका, मधे एकच कपाट. एका बैठकीभोवती लाकडाचा भुसा, दुसरीभोवती एक कणही नाही. भिंतीवर एक जुनी बंदूक टांगलेली होती, दोघा भावांनी मिळून केलेली पहिली. म्हातारा कारागीर ताठ बसला होता. त्याने दोघांना बसा म्हटलं आणि लेकीकडे रागाने पाहिलं.

"घरची घाण बाहेर न्यायची काही गरज नव्हती," तो म्हणाला. "पण आलाच आहात तर बघा. माझ्या भावाने माझ्या पाठीत खंजीर खुपसला, दुसरं काही नाही."

रागावलेला माणूस इतका दुखावलेलाही असू शकतो, हे त्याच्याकडे बघून कळत होतं. त्याच्या उजव्या गालावर कानाकडून ओठाकडे दोन बारीक ओरखडे होते. गोटूने विचारपूस केली तेव्हा तो म्हणाला, दाढी करताना लागलं असेल, बायकोने आरशात दाखवलं तेव्हा कळलं. दाढीही धडाची झाली नव्हती. उजव्या जबड्याखाली पांढऱ्या खुंटांचा एक पट्टा राहून गेला होता.

बायकोने चहा आणला आणि त्याच्या शेजारीच उभी राहिली. दोन घोटांनंतर त्याच्या ओठाच्या कडेने चहाचा एक ओघळ खाली आला. तो बोलतच होता. तिने फडक्याने हनुवटी पुसली, जशी रोजच पुसत असावी, आणि कुणी बघितलं का ते बघितलं.

ताई बंदुकीकडे वळली. दस्त्याच्या उजव्या बाजूला बोराएवढा हिरवा खडा होता, सगळ्या कामातला सर्वांत किमती. तो जागच्या जागी होता. डावीकडे तीन रिकामी कोंदणं. कडा शाबूत, हत्याराचा ओरखडा नाही. लाख ऊब देऊन मऊ केली होती आणि खडे अलगद उचलले होते. उरलेल्या दोन खड्यांच्या कडेला पिवळ्या सुताचे तंतू अडकले होते. एका रिकाम्या कोंदणाशेजारी लाकडावर एक तपकिरी रेघ होती.

"लाख सांडलीय," गोटू म्हणाला.

"लाख काळी आहे," ताई म्हणाली.

गोटूला हातात बंदूक मिळाली की त्याचं वय निम्मं होतं. त्याने ती खांद्याला लावली, दस्त्यावर गाल टेकवला, नेम धरला आणि कळवळून मान मागे घेतली. गाल चोळत त्याने ती खाली ठेवली. मग नळीखालचा गज काढून तोंडातून आत सोडला. थप् असा आवाज आला आणि गजाचं टोक बोटभर बाहेर राहिलं. ताईने भिंतीवरच्या जुन्या बंदुकीकडे बोट केलं. तिच्यात तिचा गज सोडला तेव्हा ठण्ण झालं आणि टोक नळीच्या तोंडाशी येऊन थांबलं. तिच्या दस्त्यावरही खडे होते. गोटूने भीत भीत गाल लावून पाहिला, लोण्यासारखा सरकला.

"खेळ झाला असेल तर चोराचं बघा," म्हातारा म्हणाला.

व्यापाऱ्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. काल संध्याकाळी तोच तयार बंदूक बघायला आला होता. संशय कळताच तो दुखावला नाही, हसला. "अहो, मी चोरी केली तर हिरवा सोडीन का? एवढा खुळा असतो तर धंदा बुडाला असता." बंदूक त्याने हातातसुद्धा घेतली नव्हती. कारागिराच्या कामाची तपासणी करायची पद्धतच नव्हती. जडाव झाला की म्हातारा डोळे मिटून दस्त्यावर गाल ओढतो. त्याच्या गालाला जे लागलं नाही ते जगात कुणाला लागत नाही. यावेळीही त्याने व्यापाऱ्यासमोर गाल ओढून 'झालं' म्हटलं होतं. "नशीब, घेणारा नुसता भिंतीला टांगणारा नाही," व्यापारी म्हणाला. "बार भरून चालवणारा आहे. त्याला कामाची किंमत कळेल."

परत येऊन ताई स्वयंपाकघरात गेली. कारागिराच्या बायकोने काही विचारायच्या आधीच सांगितलं की यांची तब्येत ठणठणीत आहे. थंडीत एकदा चक्कर येऊन चार दिवस निजून होते, एवढंच. डॉक्टर? डॉक्टरचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही. मग ती एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत राहिली.

काका मागच्या खोलीत पेटी भरत होते. सामान काही फार नव्हतं. चार कपडे, एक पटाशी, खांद्यावर पिवळं फडकं. ताई दारातच उभी राहिली.

"दस्त्याला शेवटचं तेल तुम्ही लावलंत ना? व्यापारी गेल्यावर?"

त्यांनी मान हलवली.

"फडकं अडकलं?"

काका पेटीच्या कडेवर बसले. "ताई, मला जाऊ द्या," ते म्हणाले. "मी गेलो तर घरातला एक माणूस कमी होईल. तुम्ही बोललात तर दादा असून नसल्यासारखा होईल."

अंगणात गोटूने विचारलं, आता काय. ताईने चष्मा काढून उगाच पुसला. तिला सगळं कळलं होतं आणि कळल्याचा जराही आनंद झाला नव्हता.

"सांगितलं नाही तर एकाचं घर जातं," ती म्हणाली. "सांगितलं तर दुसऱ्याचं काम. आणि न सांगता बंदूक गेली तर तिसऱ्याचा गाल फाटेल. चल."

सगळे कामाच्या खोलीत जमले. काकांची पेटी दाराशी होती. ताई उभीच राहिली.

"बाहेरचा चोर हिरवा खडा सोडत नाही," ती म्हणाली. "आणि त्याला लाख मऊ करून खडे काढायचा धीरही नसतो. तेव्हा हात घरातला. खडे खोलीबाहेर गेले नाहीत असं काका म्हणाले, ते खरं आहे. ते बंदुकीतच आहेत. गज पूर्ण आत जात नाही. खाली काहीतरी मऊ ठासलेलं आहे."

काका उठले. त्यांनी कपाटातून मळसूत्री टोकाचा गज आणला, नळीत घालून फिरवला आणि ओढला. पिवळ्या फडक्याचा बोळा बाहेर आला. म्हाताऱ्याने तो उलगडला. तीन लाल खडे त्याच्या तळहातावर पडले.

"म्हणजे तूच," तो भावाला म्हणाला.

"खडे त्यांनीच काढले," ताई म्हणाली. "पण चोर चोरीचा माल उद्या जाणाऱ्या बंदुकीत ठेवत नाही. तुमची पावलं ऐकली आणि हाताशी होतं त्यात लपवले. त्यांना ते परत बसवायचे होते. जरा खोल."

"खोल कशाला?"

"खडे वर आलेत. तेल लावताना फडक्याचे धागे अडकले, तेव्हा त्यांना कळलं. माझ्या भावाचा गाल बघा."

म्हातारा उसळला. त्याने आयुष्यात एक खडा वर ठेवला नव्हता. काल व्यापाऱ्यासमोर त्याने स्वतः गाल ओढला होता, काही लागलं नव्हतं, आणि आता चोराला वाचवायला हे लोक त्याच्याच कामाला नावं ठेवत होते. बायकोने तोंडावर हात धरला.

ताईने त्याला बोलून होऊ दिलं. मग हळूच म्हणाली, "दादा, डोळे मिटा. लेक तुमच्या गालाला हात लावील. कोणत्या बाजूला ते फक्त सांगा."

म्हाताऱ्याने कंटाळून डोळे मिटले. ताईने लेकीला खूण केली. लेक पुढे झाली आणि तिने बोटांची टोकं वडिलांच्या उजव्या गालावर ठेवली, त्या दोन ओरखड्यांवर.

"लाव की," म्हातारा म्हणाला.

लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने हात काढला नाही. गालावरून बोटं खाली-वर फिरवली.

"अगं, लाव ना. किती वेळ थांबायचं?"

"बाबा," ती म्हणाली, "माझा हात तिथेच आहे."

त्याने डोळे उघडले. तिचं मनगट दिसलं. मग त्याने स्वतःचा हात वर नेला, आपल्या गालावरून तिच्या बोटांपर्यंत, आणि तिथेच थांबवला.

उरलेलं ताईने थोडक्यात सांगितलं, कारण आता ते सांगण्यासारखं राहिलं नव्हतं. थंडीतली चक्कर साधी नव्हती. तेव्हापासून त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू मेली होती. चहा ओघळलेला कळत नव्हता, दाढी राहिलेली कळत नव्हती. काल गाल ओढला तेव्हा खड्यांनी तो कापला. ओरखडे वस्तऱ्याचे नव्हते; वस्तरा खाली येतो, हे आडवे होते, आणि त्यांच्यातलं अंतर खड्याच्या दोन कडांएवढं होतं. लाकडावरची तपकिरी रेघ त्याचंच रक्त होतं.

"मी पाहिलं होतं," बायको म्हणाली. "दाढीचं असेल असं मीच त्यांच्या डोक्यात भरवलं. मी घाबरले होते."

म्हातारा भावाकडे वळला. "मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू, दादा?" काका म्हणाले. "तुझा गाल गेला असं सांगू? त्यापेक्षा चोर बरा, म्हटलं."

म्हाताऱ्याने हातातल्या खड्यांकडे पाहिलं. "एवढी वर्षं एका खोलीत बसलो," तो म्हणाला. "आणि तू चोर असशील हे मला पटलं. माझा गाल चुकेल हे नाही पटलं." मग तो रडला, सगळ्यांदेखत, आणि डोळ्यांतलं पाणी उजव्या गालावरून खाली गेलं ते त्याला कळलं नाही. यावेळी लेकीने पुसलं.

गोटूने दाराशी असलेली पेटी उचलून आत नेऊन ठेवली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी एवढी एकच गोष्ट त्याला ताईच्या आधी सुचली.

निघताना ताईने कारागिराच्या बायकोच्या हातात डॉक्टरचा पत्ता ठेवला. आत काकांनी दिवा पेटवला होता. ते आपल्या बैठकीकडे जायला निघाले तेव्हा म्हाताऱ्याने त्यांचा हात धरून त्यांना स्वतःच्या बैठकीवर बसवलं आणि शेजारी भावाच्या भुशात मांडी घातली. कोंदण किती खोल करायचं, लाख किती पातळ हवी, खडा कुठून दाबायचा, तो एकेक सांगत होता आणि काकांचे लाकडाला सरावलेले जाड हात ते करत होते. पहिला खडा बसला. लाख गार होईपर्यंत दोघे थांबले. मग काका वाकले आणि त्यांनी दस्त्यावर गाल ओढला.

"लागतंय?" म्हाताऱ्याने विचारलं.

काका घुटमळले. त्यांनी दारातल्या ताईकडे पाहिलं, मग भावाकडे.

"लागतंय, दादा. थोडं."

"मग काढ, पुन्हा बसव," म्हातारा म्हणाला. "आणि इथून पुढे लागलं की मला सांगत जा."