नदीपलीकडची कोठी

"परमुलखात हुतूतू खेळायला पोरं भेटतील ना?" बिसरामने निघण्यापूर्वी तिसऱ्यांदा विचारलं.

"भेटतील, भेटतील. चल आता," केशोराव मास्तर म्हणाले.

परमुलूख म्हणजे नदीपलीकडचं संस्थान. त्यांच्या देवरी गावात इंग्रजांचं राज्य होतं, तिकडे राजाचा हुकूम चालायचा. नाताळच्या सुट्टीत मुलांना तिथे मुक्कामाला न्यायचं मास्तरांच्या फार मनात होतं. त्यांनी तिथल्या ठाणेदाराकडून परवानगी आणली आणि सगळ्यांना पांढऱ्या टोप्या शिवून घेतल्या. मुलांच्या घोळक्यात मुलगी एकच, मास्तरांची रुख्मा. नदीच्या उथळ उतारावरच्या नाक्यावर शिपायाने टोप्यांकडे नुसती नजर टाकली, रुख्माकडे पाहून हसला आणि "शाळा आली" म्हणत बांबूचा आडणा उचलला.

मुक्काम ठाण्याजवळच्या बंगल्यात होता. ठाणेदाराने मास्तरांना घरी जेवायला बोलावून स्वतःच्या शेजारी खुर्ची दिली. राजाचे साहेब पाहुणे शिकारीला येणार म्हणून सगळीकडे धावपळ चालली होती. मास्तर इतके खूश झाले, की मुलांकडे पाहायचंच विसरले.

गावात एकही पोर नव्हतं, हे सगळ्यांत आधी बिसरामच्या लक्षात आलं. तो खेळायला गडी शोधत गल्ल्यांतून फिरून आला होता.

"लहान नाही, मोठं नाही. पाळण्यातली तेवढी आहेत," तो रुख्माला म्हणाला. "विचारलं तर बाया तोंड फिरवतात."

रुख्माने वडिलांना सांगितलं. मास्तरांनी ठाणेदाराला विचारलं आणि उत्तर घेऊन परत आले. गावात माता आली होती, देवीची साथ होती, म्हणून पोरांना वेगळं ठेवलं होतं, असं ठाणेदार म्हणाला. मास्तरांना ते पटलं. रुख्माला नाही पटलं. देवरीत माता आली की दारोदार कडुलिंबाचे डहाळे लागायचे. इथे एकाही दाराला पान नव्हतं.

बंगल्यावर देवकाबाई नावाची बाई स्वयंपाकाला होती. भात वाढताना तिची नजर पुन्हापुन्हा ठाण्यामागच्या धानाच्या कोठीकडे जायची. कोठीच्या दाराशी लाठी घेतलेला पहारेकरी होता. धानाला कशाला पहारा, तेही दिवसाढवळ्या?

दुपारी रुख्मा आणि बिसराम झुडपांतून कोठीच्या मागे गेले. भिंत कुडाची होती, मातीने लिंपलेली. एका जागी माती गळून बोटभर फट पडली होती. रुख्माने डोळा लावला. अंधारात पोरं एकमेकांना चिकटून बसली होती. एक मुलगा पेंढ्यावर पडून कण्हत होता.

फटीशी आलेल्या मुलीने कुजबुजत सगळं सांगितलं. शिकारीच्या हाक्याला, म्हणजे ढोल वाजवून जनावरं उठवायला, राजा बेगारीवर माणसं न्यायचा. मागच्या हाक्यात अस्वलाने दोघांना फाडलं होतं. यंदा लोक नदी ओलांडून पळून जातील, म्हणून ठाणेदाराने आधी पोरं उचलली. हाका संपेपर्यंत ती कोठीत राहणार होती. आजारी मुलगा देवकाबाईचा सुखराम होता. कोठीतलं पाणी पिऊन त्याचं पोट बिघडलं होतं, आता अंगात ताप होता. देवकाबाईला त्याच्याजवळ जाऊ देत नव्हते.

संध्याकाळी रुख्माने वडिलांचा हात धरून त्यांना त्या फटीपाशी नेलं. मास्तर वाकले आणि फटीला डोळा लावून पाहू लागले. वर उठले तेव्हा त्यांनी रुख्माचा हात घट्ट धरला.

"मी त्या माणसाच्या घरी जेवलो," ते एवढंच म्हणाले.

वाट रुख्मानेच काढली. नाक्यावरचा शिपाई चेहरे पाहत नाही, टोप्या पाहतो. कोठीतली पोरं शाळेच्या मुलांइतकीच होती; शाळेच्या टोप्या घालून ती गेली, तर शाळा परत चालली असंच त्याला वाटेल. शाळेची मुलं प्रवाहाच्या वरच्या अंगाला, जंगलातून नदी उतरतील. रुख्मा मात्र मास्तरांबरोबर हवी, कारण तिला तो ओळखणार. मास्तरांनी मुलांना सांगितलं, की ज्याला भीती वाटते त्याने सांगावं. मागे कोणी सरलं नाही. भीती सगळ्यांनाच वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले सगळे हाक्याला गेले. ठाणेदारही साहेबांबरोबर गेला. पहारेकरी एकटा उरला, तेव्हा बिसरामने मुलांना कोठीसमोर उभं करून कवायत सुरू केली. तो हुकूम उलटसुलट देत होता, मुलं एकमेकांवर आपटत होती आणि पहारेकरी पोट धरून हसत होता. तेवढ्यात मास्तर आणि रुख्माने मागची माती खरवडून कूड कापला. पोरं एकेक करून बाहेर आली. एकही रडलं नाही. सुखरामला मास्तरांनी खांद्यावर घेतलं.

कवायत करतच बिसरामची मुलं झाडीत आली आणि तिथे टोप्या बदलल्या; कोठीतल्या मुलींनी केस टोपीत कोंबून मुलांचे सदरे चढवले. बिसराम आपल्या मुलांना घेऊन वर निघाला. दुरून हाक्याचे ढोल वाजू लागले होते आणि त्या आवाजाने उठलेली जनावरं नदीकडेच धावणार होती.

नाक्यावर शिपायाने टोप्या पाहिल्या. मग त्याची नजर सुखरामवर गेली. मास्तर म्हणाले, पोराला ताप आहे, लवकर घरी न्यायचं आहे. त्याच वेळी सुखराम ग्लानीत कण्हला, "दाई... ए दाई..."

शिपायाचा हात आडण्यावर थांबला. "देवरीचं पोर आईला दाई म्हणतं?"

मास्तरांनी सुखरामला खांद्यावर सावरलं.

"त्याची माय तुमच्याच मुलखातली आहे," रुख्मा म्हणाली. "मग दाईच म्हणेल ना!"

शिपायाने क्षणभर विचार केला आणि बांबू उचलला.

नदी ओलांडल्यावर सुखरामने पाणी मागितलं. रुख्माने ओंजळीने पाजलं. तो थोडं प्यायला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजला. थोड्या वेळाने मास्तरांनी त्याच्या नाकापाशी हात धरला. मग आपलं उपरणं काढून त्याच्या तोंडावरून पांघरलं. रुख्मा मांडी न हलवता तशीच बसून राहिली.

बिसराम आणि मुलं काट्यांनी ओरबाडलेली, थंडीने काकडत आली. पाण्यात शिरताना रानडुकरांचा कळप त्यांना घासून गेला होता. एरवी बिसरामने ते रंगवून सांगितलं असतं. त्या दिवशी तो उपरण्याकडे पाहून रुख्माशेजारी खाली बसला.

पोरं सुटल्याची खबर पोचताच हाका मोडला. माणसं ढोल टाकून, घरच्या बायकांना घेऊन नदी ओलांडून आली; देवकाबाईही आली. देवरीत बोभाटा झाला, वरून साहेब चौकशीला आले आणि ठाणेदाराची नोकरी गेली. गावच्या जमीनदारांनी, मालगुजारांनी, शाळेत सभा भरवून मुलांना नारळ दिले आणि ही मुलं आमच्या गावाचं नाक आहेत, असं सांगितलं. मास्तर उठून म्हणाले, "मला दिसत होतं ते मी पाहिलं नाही. पोरांनी पाहिलं."

सभा संपल्यावर देवकाबाई रुख्माजवळ आली. रुख्माला वाटलं, आता ही विचारेल, माझंच पोर काऊन नाही वाचलं.

"त्यानं पानी मांगलं का?" देवकाबाईने विचारलं.

"मागितलं."

"देलं तू?"

"दिलं. नदीचं, स्वच्छ. तो प्यायला."

देवकाबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्या हातून नाही भेटलं, तुझ्या हातून भेटलं," ती म्हणाली. "लय मोठं केलं तू, पोरी."