मायनस आला पाहिजे

तो शिंकला आणि तिळाएवढी चिप तिच्या चिमट्यातून उडाली.

"मेलास तू आता! हलू नकोस."

"श्वास घेऊ?"

"बेतानं घे."

प्रयोगशाळेत अशा चिपांना केसाहून बारीक सोन्याच्या तारा जोडायचं काम तिचं. आणि हा शिंक्या कागदावर गणितं करणारा, नवाच आलेला. दोघांनी रांगत रांगत सगळी फरशी पालथी घातली. चिप निघाली त्याच्याच बाहीवर! तिनं ती अलगद उचलली... बोट त्याच्या मनगटाला लागलं, आणि तोंडावर आलेली शिवी तिथंच राहिली.

मग काय, शिंक्या रोज टपकायला लागला.

"एवढं काय रे असतं ह्यात?"

"इलेक्ट्रॉन. फार गारठ्यात ते आपापल्या वाटेनं सुसाट पळतात. फार तापलं की अणूंवर आपटत बसतात. पण मधल्या उबेत एकमेकांनाच इतके धक्के देतात, की सगळे मिळून पाण्यासारखे वाहतात. कडेला भोवरा पडतो... तिथं प्रवाह उलटा. मीटर मायनस दाखवतो."

"आणि दाखवला तर?"

"माझं गणित खरं. समुद्रापलीकडे नोकरी." तो घुटमळला. "नाही दाखवला तर — इथंच. तुझं डोकं खात."

"मग आलाच पाहिजे बाई मायनस," ती म्हणाली. पण हसू काही लपेना.

चिप मीटरला जोडली. प्लस आला. पुन्हा पाहिलं, पुन्हा प्लस. त्याच्या गणितावरची कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात. शिंक्याचा चेहरा पार उतरला.

"चला... राहिलो म्हणायचं," तो तिच्याकडे बघून कसंबसं हसला. आणि तिच्या मनात, लाज वाटावी असा आनंद उड्या मारायला लागला.

चिप डबीत ठेवण्याआधी तिनं सवयीनं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. दोन तारा एकमेकींच्या जागी लागल्या होत्या! उलट्या तारा, उलटं चिन्ह. तो खांद्याशी उभा राहून बडबडत होता ना, तेव्हाच लक्ष उडालं असणार.

चिमट्याचा एक हिसका, की तारा तुटल्या. कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिनं चिमटा उचललासुद्धा...

शिंक्या जिन्यात एकटाच बसला होता.

"तारा उलट्या लावल्यात मी. तुझा मायनसच आलाय, येड्या!"

त्यानं आरोळी ठोकून तिला उचललंच. मग काहीतरी उमगलं, आणि हळूच खाली ठेवलं.

"गप्प बसली असतीस, तर—"

"तर राहिला असतास. पडलेलं तोंड घेऊन. तसला नको होता मला."

"मग कसला हवा होता?"

"आत्ता ओरडलास ना... तसला."

तो पायरीवर सरकला, तिला बसायला जागा केली.

दुसऱ्या दिवशी सगळे मीटरभोवती जमले. मायनस आला. टाळ्या पडल्या. त्या गलक्यात टेबलाखाली त्यानं तिचा हात घट्ट धरला. मीटरवरचा आकडा बदलावा, एकदाच... असं तिला फार वाटलं.

पण ह्या वेळी तारा तिनं नीट लावल्या होत्या.