डावी बाजू

हेरंब गेल्यापासून केतकीताई डाव्या बाजूचे दात घासत नव्हत्या.

उजवी बाजू कशी लख्ख! ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरायचा, हलक्या हाताने फिरवायचा, मग फटींतून दोरा, मग चूळ. डावीकडे नुसतं पाणी. आता हे ऐकून तुम्ही नाक मुरडाल, पण मिरजेत तेव्हा कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. घरात माणूस गेलं की तेराव्यापर्यंत ब्रशला हात लावायचा नाही, ही रीत तर भटजींनीही मान्य करून टाकली होती.

हे सगळं वंशारशाने केलं. आपल्या तोंडात जंतूंची अख्खी वस्ती असते, आणि ती काही आभाळातून पडत नाही. आईने पापा घेतला, आजीने चाखून घास भरवला, की एकाच्या तोंडातले जंतू दुसऱ्याच्या तोंडात बिऱ्हाड करतात. माणसागणिक त्यांच्यात बारीकसा फरक असतो. तो फरक वाचणारा आरसा म्हणजे वंशारसा. बेसिनपाशी त्याच्या वाटीत थुंकायचं, की काचेतल्या आपल्या तोंडावर जिथल्या तिथे नावं उमटायची: हा जंतू आईचा, हा पणजीचा, हा नवऱ्याचा. म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी आपल्या तोंडात जिवंत आहे! फोटो काय, नुसता कागद. लोक वेडे झाले नसते तरच नवल.

केतकीताईंच्या काचेवर नवऱ्याचं, हेरंबचं, नाव उमटायचं ते डावीकडच्या शेवटच्या दाढेपाशी.

ती दाढ हलायला लागली तेव्हा त्या डॉक्टर यास्मिन मुजावरांकडे गेल्या. डॉक्टरांनी आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"ताई, अर्धं तोंड देवळासारखं आणि अर्धं उकिरड्यासारखं? काय हे!"

"उकिरडा नका म्हणू. तिथे आमचे हे आहेत."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि समोर बसल्या. असे पेशंट त्यांना नवीन नव्हते. "ऐका. हिरडी दाताला घट्ट चिकटलेली हवी. तुमची सुटलीय, मध्ये खिसा झालाय. हेरंबरावांचा जंतू त्या खिशात राहतो. त्याला हवा सोसत नाही. अंधार हवा, साचलेलं किटण हवं, आणि खायला सुजलेल्या हिरडीचं रक्त."

"रक्त? अहो, तो साधं अंडं खायचा नाही!" केतकीताई हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"जिभेवर नाही का हलवता येणार त्याला? गालात कुठे?" त्यांनी विचारलं.

"निरोगी जागी तो तग धरत नाही, ताई. किटण मी काढून देते. मग दोन वेळा ब्रश, फटींची सफाई. हिरडी पुन्हा बसेल, आणि तो..."

"जाईल."

"आरशाला सापडणार नाही, इतका जाईल."

"आणि नाहीच घासलं तर?"

"तर दात पडतील. दात पडला की खिसाही गेला, आणि तोही गेला."

"पण तोवर राहील ना?"

केतकीताईंनी मग मनातलं सांगून टाकलं. रविवारी नातवाचं, आर्जवचं उष्टावण होतं. पूर्वी मामा सोन्याच्या अंगठीने खीर चाटवायचा. आता घरातलं वडीलधारं माणूस पहिला घास आधी स्वतःच्या तोंडात घोळवायचं आणि मग बाळाला द्यायचं. या रीतीला लोक मुखवारसा म्हणत. रेवतीची, त्यांच्या लेकीची, फार इच्छा होती. "माझे दात जाऊ देत हो. पोराच्या तोंडात तरी तो राहील."

"एका घासाने राहीलच असं नाही. पण रोज तुमचं उष्टं खाल्लं तर राहीलही. आणि मग एक दिवस आर्जवच्या हिरड्या सुजतील, दाढ हलेल. चालेल?"

केतकीताई घरी आल्या आणि कितीतरी वेळ चहाचं आधण नुसतं उकळत राहिलं. चहावरूनच तर झालं होतं सगळं. साखर बरोबर पडलीय का बघतो म्हणून हेरंब तिच्या कपातला पहिला घोट घ्यायचा. संसारभर! आणि दात घासायचे म्हणजे भिंतीला चुना मारल्यासारखे, दोन फटकाऱ्यांत काम खलास. "अरे, हिरड्या! हिरड्या कोण घासणार, तुझे काका?" म्हणून ती ओरडायची. तो तोंडभर फेस घेऊन "झालं गं" म्हणायचा आणि तोंड तिच्याच खांद्याला पुसून पळायचा. किती भांडली ती त्या ब्रशावरून! आज तो फेसाळ तोंडाने दारात उभा राहिला असता, तर तिने एक शब्द काढला नसता.

रविवारी घर भरलं. आर्जव पाटावर, रेवतीच्या मांडीला टेकून बसला होता. खाली नुकतेच आलेले दोन दात दाखवत तो सगळ्यांकडे बघून हसत होता. रेवतीने खिरीची वाटी पुढे केली. "आई, घे. बाबा मिळू देत त्याला."

केतकीताईंनी चमचा भरला, ओठांपर्यंत नेला. आर्जवने आ केला. त्या गुलाबी, कोवळ्या, कुठेही न दुखावलेल्या हिरड्यांकडे त्या बघत राहिल्या. मग त्यांनी चमचा तसाच बाळाच्या तोंडात दिला.

"आई! हे काय?"

"साधी खीर खाऊ दे त्याला."

"म्हणजे बाबा फक्त तुलाच हवेत?" रेवतीचा आवाज फाटला. केतकीताईंनी दुसरा चमचा भरून बाळाला दिला.

सोमवारी त्यांनी डॉक्टरांकडून किटण काढून घेतलं आणि घरी येऊन डावीकडे ब्रश लावला. फेस लाल झाला. दुखलं, पण त्यांना बरंच वाटलं. रक्त आहे म्हणजे खायला आहे, म्हणजे तो अजून आहे. तरी हात थांबवला नाही. मग रोज तेच. सकाळी नि रात्री फेस थुंकायचा आणि वाकून बघायचा. लालाचा गुलाबी झाला, गुलाबीही फिका होत गेला. आरशाकडे मात्र त्या बघत नव्हत्या.

एका सकाळी फेस पांढराच राहिला. त्यांनी पुन्हा घासलं, जोर लावून घासलं. पांढराच. तेव्हा त्यांनी वाटीत थुंकून मान वर केली. काचेवर आई होती, पणजी होती.

तेवढ्यात रेवतीचा फोन आला. उष्टावणानंतरचा पहिलाच.

"आई? अगं, रडतेस का?"

"काही नाही गं," केतकीताई म्हणाल्या. "हिरड्या बऱ्या झाल्या माझ्या."