मनोऱ्याच्या आड

दुपारी दोन वाजता अँटेना दुरुस्त करणाऱ्या नेविओने व्हॅन ओंदिनामावशीच्या दारात लावली, तेव्हा ती रिमोट हातात घेऊन पायरीवरच उभी होती. चाळीस वर्षं कार्नियाच्या या डोंगरांत टपाल वाटलेली बाई. ऐंशी ओलांडली तरी दम धरणं तिला जमत नव्हतं.

“तीनला व्हॉलीबॉलचा सामना आहे,” ती म्हणाली. “माझी नात मार्त्सिया खेळतेय. अख्खा प्रांत बघणार, आणि मला मात्र काळी काच!”

“कधी गेलं, मावशी?”

“काल, जेवताना. बातम्या सांगणारा तोंड उघडून थिजला आणि गेलाच. तुझा बाप नुसती तार जिभेला लावून बिघाड सांगायचा.”

“म्हणून तर त्याचे दात लवकर पडले.”

तिने त्याला आत ढकललं. नेविओ टीव्हीमागे वाकला. पूर्वी अँटेनात खोट आली की पडद्यावर आधी मुंग्या यायच्या, सावल्या यायच्या. आता चित्र असतं किंवा नसतं. त्याने केबलचं टोक सोलून नवं बसवलं, माळ्यावरचा अँप्लिफायर बदलला. मीटरवर सिग्नल शून्य. खिडकीतून त्याने शेजारच्या अदेल्मोला हाक मारली.

“माझा झकास चालतोय!” तो तिकडून ओरडला. “म्हातारीने बिल भरलं नसेल!”

“तुझी जीभ झडो!” मावशी म्हणाली.

नेविओ शिडीने छपरावर चढला. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन होतं, कौलं कोरडी होती. आढ्याच्या एका टोकाला अँटेना होता, आणि त्याचं तोंड दरीपलीकडच्या प्रक्षेपण मनोऱ्याकडे बरोबर वळलेलं होतं. मध्ये झाड नाही, नवं घर नाही, क्रेन नाही. मीटर थेट अँटेनापाशीच केबलच्या मध्ये जोडला. शून्य.

त्याने खांब हातभर वर घेतला. साठ! खालून मावशी ओरडली, “आलं!” तो स्क्रू आवळू लागला. चौथ्या आट्याला आकडा पडला. खांब आणखी हातभर वर घेतला. पुन्हा साठ, आणि मिनिटभरात पुन्हा शून्य. जणू आड बसलेलं कोणी आधी गुडघ्यांवर आलं होतं आणि आता उभं राहिलं होतं. असला विचार आपल्याला सुचलाच कसा, म्हणून तो स्वतःवरच चिडला.

मग त्याने तपासणीचा छोटा अँटेना हातात धरला आणि आढ्यावरून मनोऱ्याच्या दिशेने चालत दुसरं टोक गाठलं. सात पावलं. तिथे साठ. म्हणजे अडथळा दरीत नव्हता. तो या सात पावलांत होता, आणि ती तर तो आत्ताच चालून आला होता.

तोंड मनोऱ्याकडेच ठेवून तो पाय चाचपत मागे सरकला. चार पावलं साठ. पाचव्याला शून्य. अँटेना डावीकडे वीतभर नेला, साठ. उजवीकडे वीतभर, साठ. शून्याची रुंदी माणसाच्या खांद्यांएवढी भरली.

“अरे, पाच मिनिटं उरली!” मावशी ओरडली.

“बघतोय!”

तो पुन्हा टोकाला गेला आणि पुन्हा मागे आला. आता तिसऱ्या पावलालाच शून्य.

पुन्हा एकदा. पहिल्या पावलाला.

वारा नव्हता. त्याच्या मानेवर घाम आला आणि लगेच गार पडला.

त्याने आढं सोडलं. उतारावर बसून तो घसटत शिडीकडे निघाला, मनोऱ्याच्या सरळ रेषेतून बाजूला. इथे आकडा यायलाच हवा होता.

शून्य.

“आलं रे आलं!” खाली मावशी टाळ्या पिटत होती. “मार्त्सिया दिसतेय! काय केलंस ते तसंच ठेव, हलू नकोस!”

नेविओने हातातला अँटेना चारी दिशांना फिरवला. शून्य. मग तो हललाच नाही. पाय शिडीवर टेकवून, पाच सेट संपेपर्यंत, दोन तास तो तसाच बसून राहिला. समोर बघायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं. शेवटी खालून मावशीच्या आनंदाने रडण्याचा आवाज आला, आणि पोरगी जिंकल्याचं त्याला कळलं.

तो खाली उतरला तरी चित्र टिकून होतं. मावशीने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“किती गारठलायस! चीज-बटाट्याचा फ्रिको गरम आहे, दोन घास खा.”

“नको. घरी जातो.”

घरी त्याची बायको लोरेदाना टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम बघत होती; इथला छोटा अँटेना टीव्हीच्या डोक्यावरच ठेवलेला होता. नेविओ दारातून आत आला आणि पडदा काळा झाला.

“हे काय आता? बघ ना जरा, तुझंच काम आहे.”

त्याने केबलला हात लावला नाही. तो स्वयंपाकघरात गेला.

“आलं!” ती म्हणाली. “ये, बस.”

तो परत आला. चित्र गेलं. लोरेदानाने रिमोट दोनदा दाबून पाहिला.

“बाल्कनीत उभा राहतो,” तो म्हणाला. “हवा हवीय.”

त्याने काचेचं दार मागे ओढून घेतलं. आत चित्र परतलं, तिच्या चेहऱ्यावर निळा उजेड हलू लागला. आपण असंच बाहेर राहिलो तर तिला त्रास नाही, असं वाटून नेविओचा श्वास जरा मोकळा झाला. गार कठडा त्याने घट्ट धरला होता.

मग तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला.

नेविओ अजून कठड्यालाच होता. एक पाऊलही हलला नव्हता.