कळप निजवणारी गाणी

"दार लावा हो आधी!" ओलेटा ओरडली.

धुळीचं वादळ उठलं होतं. रेडिओ केंद्राच्या खिडक्यांच्या फटींत ती ओली फडकी कोंबत होती, आणि हा उंच माणूस दारातच थबकलेला.

"घोडा बाहेर आहे, बाई. त्यालाही घेऊ का आत?"

"गाता येत असेल त्याला, तर घ्या."

"त्याला नाही येत… मला येतं थोडंफार."

हॉलिस टीग असा आला. सगळं टेक्सास कोरडं पडलेलं ते एकोणीसशे पस्तीस साल. केंद्राचे मालक पिकेट यांनी त्याच्या घामटलेल्या टोपीकडे पाहिलं आणि हरखलेच. शनिवारच्या गावरान गाण्यांच्या कार्यक्रमात त्यांच्याकडे काउबॉय म्हणून गाणारा माणूस जन्मात कधी घोड्यावर बसला नव्हता.

त्यांनी हॉलिसला लगेच कार्यक्रमात घेतलं, पण त्याची गाणी फार संथ होती. साथीचे व्हायोलिनवाले वैतागले. ओलेटाने घड्याळ लावून पाहिलं, तर ताल अगदी चालत्या घोड्याचा. काचेपलीकडे ती आवाज कमीजास्त करायच्या बटणांशी, आवाज मोजणाऱ्या सुईसमोर बसायची, आणि तो गाता गाता तिच्याकडे बघायचा.

"सुईकडे बघत असतेस, की माझ्याकडे?" एकदा त्याने विचारलं.

"सुईकडे. ती खोटं बोलत नाही."

"मी बोलतो?"

"अजून मोजलं नाही…"

तो हसला. त्या हसण्यासाठी ओलेटा आठवडाभर शनिवारची वाट बघू लागली. श्रोत्यांची पत्रं पोत्यांनी येत होती. तिला मात्र एकच गाणं हवं होतं. एप्रिलमधल्या एका दुपारी तिने धीर केला.

"माईक बंद आहे, हॉलिस. एक गा ना… फक्त माझ्यासाठी."

त्याचा चेहरा उतरला.

"ही गाणी कशासाठी असतात, ठाऊक आहे तुला?"

"गुरांसाठी. कळप बिथरू नये म्हणून."

"हं. ओळखीचा आवाज आला की जनावर निर्धास्त होतं." तो टोपीची कड चाचपत राहिला. "गेल्या उन्हाळ्यात चारा संपला. जेमतेम पाय ओढणारी गुरं गोळ्या घालून पुरायचं ठरलं. खड्डा बघून ती मागे सरत होती. गुरांचे मालक म्हणाले, हॉलिस, गा."

ओलेटाने खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"गायलो मी. एकशे दहा जनावरं… एकही बिथरलं नाही. माझ्या मागोमाग आली सगळी."

"तुझा काय दोष त्यात?"

"रेडिओवर जमतं. ऐकणारे दिसत नाहीत. पण तू ऐकतेस ना, तेव्हा तुझे डोळे… अगदी तसेच निवतात, ओलेटा."

"मी काही गाय नाही," ती हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली. दोघांनाही हसू आलं नाही.

"माझा जीव आहे तुझ्यावर," मग ती सरळच बोलली.

"ठाऊक आहे. माझाही आहे… म्हणून तर आता त्या माईकपुढेही उभं राहवत नाही."

"मग नको गाऊस. जन्मभर नको गाऊस. नुसता राहा इथे."

"आणि करू काय? गुरं उरली नाहीत. दुसरं काही येत नाही मला." त्याने तिच्या केसांतली धूळ बोटाने हलकेच झटकली. "तू मला असं बघत बसशील… आणि मी तुझ्यापुढे गप्प. किती दिवस पुरेल ते?"



गुरुवारी तो कॅलिफोर्नियाच्या बसने गेला. बागांमधून फळं तोडायला माणसं लागतात म्हणे.

शनिवारी पिकेट म्हणाले, "तूच सांगून टाक, पोरी. त्याला आलेली पत्रं तूच वाचायचीस ना."

ओलेटा माईकपुढे उभी राहिली. "आज हॉलिस टीग गाणार नाहीत," ती म्हणाली. ते आता परत येणार नाहीत, हे पुढचं वाक्य कागदावर लिहिलेलं होतं, तिच्याच अक्षरात. ते तिच्या तोंडून फुटेना.

माळरानावरच्या घराघरांत लोक रेडिओजवळ सरकले आणि बिघडला असेल म्हणून बटणं फिरवत राहिले.