सोललेलं द्राक्ष

मोतीराम ऑफिसात आला तो तोंडावर रुमाल धरूनच. बसा म्हटलं तरी बसेना.

"काय झालं, काका?" प्रेरणा खरातनं विचारलं. औरंगपुऱ्यात एका औषधाच्या दुकानावर तिची एक खोली होती. बाहेर खासगी गुप्तहेर अशी पाटी.

मोतीरामनं रुमाल खाली घेतला. जीभ काळीकुट्ट होती.

"चोर!" रामकिसन ओरडले. हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, प्रेरणाचे मदतनीस. माणूस भला, पण निकाल लावायची भारी घाई.

त्यांचंही नवल नाही. आपल्याकडं द्राक्षं काय नुसतीच चवीला खातात? हिरवी परीक्षेआधी, वाचलेलं आठवायला. गुलाबी अबोला मोडायला. आणि काळी चोरपारखी चोर धरायला. ती खाल्ली की चोराची जीभ काळी पडते, आणि दिवसचे दिवस तशीच राहते, हे शेंबडं पोरही सांगेल.

"म्या घड चोरला नाय, ताई," मोतीराम म्हणाला. "आप्पासाहेबांच्या शेंद्र्याच्या मळ्यात बावीस वर्षं राबलो. त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, जायच्या आधी बोलका वेल लावला व्हता. लावणारं माणूस गेलं की त्या वेलाला एकदाच घड येतो. जो खाईल त्याला त्या माणसाचं राहून गेलेलं बोलणं ऐकू येतं. रविवारी त्यांच्या लेकीचं, तनुताईचं लगीन. घड तिलाच द्यायचा व्हता. परवा सकाळी पाहतो तर वेल मोकळा."

"मग?"

"साहेब, त्यांचा ल्योक शिवराजदादा, तनुताई आन मी, चौघांनी चोरपारखी खायचं ठरलं. साहेब म्हणले, मोतीराम, तू आधी. समद्यांसमोर जीभ दाखव. माझी लेक तिथंच भाकरी करीत व्हती, ताई." तो थांबला. "बाईंना शेवटचं पाणी म्या पाजलं. घरी दुसरं कुणीच नव्हतं. आन आता ताईच्या लग्नात म्या चोर म्हणून फाटकाबाहेर उभं राहायचं?"

प्रेरणानं स्कूटीची किल्ली उचलली.

"जीभ काळी म्हंजी काळी," जालना रोडला लागल्यावर रामकिसन मागून म्हणाले. "बिनतिकिटाचा माणूसबी असाच रडतो."

बंगल्यापुढं मांडव चढत होता. शिवराज माणसांवर खेकसत उभा होता.

"वेल मांडवाच्या मधे येतो, काढा म्हणून मीच सांगितलं होतं. पण घड नेऊन मी काय करू? ही बघा जीभ." जीभ साफ होती.

तनुजा मेंदीचे हात पुढं धरून रिकाम्या वेलापाशी बसली होती.

"आईला शेवटी काय म्हणायचं होतं, तेवढंच ऐकायचं होतं मला. बाबा तिच्याजवळ होते, हात धरून. पण त्यांच्याशीही ती काही बोलली नाही म्हणे." तिचीही जीभ साफ होती.

चोरपारखीची ताटली निवाडा झाल्यावर घरात परत घेत नाहीत. ती ओट्याच्या कोपऱ्यात पडून होती. चार-पाच उरलेली द्राक्षं आणि एक सुकलेली काळी साल. सालीला मुंग्या लागल्या होत्या.

आप्पासाहेबांनी पाहुण्यांपुढं वाटी सरकवली. "घ्या, ही साधी हायेत." स्वतः एक द्राक्ष नखानं सावकाश सोललं आणि गर तोंडात टाकला. "सालीनं ठसका लागतो मला. चोर तर सापडला, प्रेरणाबाई. लग्नघरात कशाला वाढवता?"

"मोतीरामकाकांना आत बोलवा," प्रेरणा म्हणाली. "सगळ्यांसमोरच सांगते."

फाटकाबाहेर थांबलेला मोतीराम तोंडावर रुमाल धरून आत आला.

"चोरपारखी हे नाव बाजारानं दिलंय," प्रेरणानं सुरुवात केली. "द्राक्षाला चोरी कुठून कळणार? त्याला कळते ती लाज. लेकीसमोर जीभ दाखवायला लावल्यावर बावीस वर्षं इमानानं राबलेल्या माणसाला लाज वाटणारच."

"मग माझी जीभ साफ कशी?" शिवराज उसळला.

"तुम्हाला लाज वाटलीच नाही म्हणून."

प्रेरणानं ओट्याच्या कोपऱ्यातल्या ताटलीकडं बोट केलं.

"आता पुढचं. काळ्या द्राक्षाचा रंग सालीत असतो, गर पांढराच. गुणही सालीतलाच. चौघांनी खाल्लं, पण ताटलीत एक साल उरली. या घरात द्राक्ष सोलून कोण खातं?"

सगळ्यांच्या नजरा आप्पासाहेबांच्या वाटीकडं गेल्या.

"तनुजा, बाबा आईजवळ होते, हे तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनीच."

"मोतीरामकाका म्हणतात, त्यांच्याशिवाय घरी कोणी नव्हतं."

तनुजानं वडिलांकडं पाहिलं.

आप्पासाहेबांनी वाटी बाजूला सारली. "गंगापूरला माझा सत्कार व्हता. तिचे तीन फोन आले. हार घालायचे राहिले व्हते, म्हणून उचलले नाय. घड तुला हेच सांगंल, असं वाटलं गं." ते आत गेले आणि द्वारकाबाईंच्या लुगड्यात गुंडाळलेला घड घेऊन आले. "टाकवला मात्र नाय."

तनुजानं पहिलं द्राक्ष तोंडात घातलं. मांडवातली माणसंही थांबली.

"आई म्हणते," ती हळू बोलली, "तनू, बाबांना द्राक्षं सोलून देत जा. सालीनं त्यांना ठसका लागतो."

"आन?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"एवढंच."

आप्पासाहेबांना लाजेनं मान वर करवेना. मोतीरामकडं बघायची तर त्यांची हिंमतच नव्हती. रामकिसन मोतीरामजवळ जाऊन "चुकलं माझं, भाऊ" असं काहीसं पुटपुटले.

मग आप्पासाहेब उठले. ताटलीतलं एक काळं द्राक्ष त्यांनी उचललं आणि मोतीरामसमोर, मांडववाल्यांसमोर, सालीसकट चावलं. जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी जीभ बाहेर काढून सगळ्यांना दाखवली. मोतीरामच्या जिभेहून काळी होती.

तनुजा जागची हलली नाही.

मोतीरामनं रुमाल खांद्यावर टाकला, माठातून तांब्या भरला आणि त्यांच्या ओठांना लावला.

"सावकाश, साहेब."

तो घोट काही आप्पासाहेबांना गिळवेना.